बासष्टवर नेलेला काटा

६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतो का, की अजून ऐटच करतो? तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तिला सुईत दोरा ओवता येतो का ते विचारून कळव. आणि तुझी पाठ? खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची पाठ आधी कुरकुरते. माझं म्हणशील तर डावा कान सुट्टीवर गेलाय आणि उजवा त्याची वाट बघत बसलाय. फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि त्यातलं अर्धं चुकीचं, म्हणून हे पत्र. बाकी मी ठणठणीत.

तुझ्या कंपनीचे सोळा डबे आले. राखी रंगाचे, ना झाकण, ना बूच. मी एकेक उचलून कानाशी हलवून पाहिला, आत काही डुचमळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बॅटऱ्याच आहेत ना नक्की?" मी म्हटलं, "माझ्या भाचीने निवडल्यात, म्हणजे असणारच." पण खरं सांगू, बॅटरीत पाणी नाही हे अजून मनाला पटत नाही. गच्चीवरच्या सौर पॅनलांवर जुना शिशाचा संच मी अकरा वर्षं चालवला, इतर ठिकाणी सहाव्या वर्षी मान टाकतात. ॲसिडने कपड्यांची चाळण झाली, पण प्रसूतिगृहातला दिवा विझू दिला नाही.

आता दवाखान्याच्या समितीची अट ऐक. जानेवारी संपेपर्यंत प्रसूतिगृहातली वीज एकदाही गेली नाही, तर डबे राहतील. गेली, तर डबे परत आणि जनरेटर पुन्हा सुरू. बाहेरची वीज इथे पाहुण्यासारखी येते हे तुला ठाऊक आहे. आणि जनरेटर आहे बरोबर बाळंतिणींच्या खोलीच्या खिडकीखाली. तो धडधडू लागला की खिडक्या लावून घ्यायच्या, तरी धूर आत येतोच. काचेच्या पेटीत मुठीएवढी बाळं असतात, त्यांना पहिला श्वास त्या धुराचा मिळावा हे मला चालायचं नाही. मी असेपर्यंत तर नाहीच.

तू कंपनीच्या पुस्तकातून माझ्यासाठी मराठीत उतरवून पाठवलेला कागद भिंतीला चिकटवला आहे. त्यात पाच ठिकाणी "काही करू नये" लिहिलंयस. अगं, काही करायचं नसेल तर मला तिथे कशाला ठेवलंय, शोभेला?

तुझी आत्या

१५ नोव्हेंबर

ती. आत्यास भिंगरीचा नमस्कार.

बाबा कठडा धरतो आणि कोणी बघत असलं की सोडतो. आई सुईत दोरा ओवते आणि सगळ्यांना बोलावून दाखवते. माझी पाठ कुरकुरते, तू ओळखलंसच.

आत्या, हसू येतं पण काळजीही वाटते, म्हणून पुन्हा सांगते. हे लिथियमचे डबे शिशाच्या सेलांसारखे नाहीत. एक, यात पाणी टाकायचं नाही, टाकायला जागाच नाही. दोन, शिशाच्या बॅटरीला उपाशी ठेवलं की ती आजारी पडते, म्हणून तू तिला सतत पोटभर ठेवायचीस. यांचं उलट. यांना ऐंशी टक्क्यांपर्यंत भरलं की पुरे. सतत तुडुंब ठेवलं तर यांचं आयुष्य कमी होतं. तीन, काट्यावर व्होल्ट बघून पोट ओळखू नकोस. यांचा काटा पोट अर्धं असो की पाव, जवळपास एकाच जागी बसून राहतो. शेजारच्या छोट्या पडद्यावर टक्के दिसतात, तेवढेच बघ.

आणि आत एक रक्षक पट्टी आहे. काही कमीजास्त झालं की ती डबे स्वतःच बंद करते. त्यामुळे आग, स्फोट असलं काही होत नाही. बाकी सगळं कागदात आहे. कागदाप्रमाणे चाललीस की झालं.

हे डबे मी निवडले यावर इथे बरीच चर्चा झाली होती. आणखी चाळीस दवाखाने तुमच्याकडचा निकाल बघून ठरवणार आहेत. तुझ्यावर दडपण आणायला नाही लिहीत. तू आहेस म्हणूनच पहिला संच तिकडे पाठवला.

तुझी भिंगरी

४ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वाईट बातमी आहे, ती आधी सांगते. सोमवारी दुपारी प्रसूतिगृहातली वीज गेली. अकरा मिनिटं. तुझ्या डब्यांनी एकदम मिटून घेतलं, खटका वाजला आणि सगळं बंद. काचेच्या पेटीत दीड किलोचं बाळ होतं. डॉक्टरीणबाईंनी ते उचललं, आईच्या छातीशी धरलं, वरून दोन पांघरुणं घातली. मी शेजारी उभी होते. बाळ सुखरूप आहे, हे आधी लिहायला हवं होतं.

कागदात लिहिल्याप्रमाणेच सगळं चाललं होतं. महिन्याचं काम त्याच दिवशी केलं. डब्यांनी असं का करावं, देव जाणे. मग मी मुख्य खटका पाडून पुन्हा चढवला, तर जणू काही झालंच नाही असे चालू झाले.

समितीचे अध्यक्ष संध्याकाळी आले आणि म्हणाले, "बॅटरीबाई, तुमच्या भाचीचे डबे दिसायला छान आहेत." एवढंच. जनरेटरचं झाकण काढून ठेवलंय.

आत्या

९ डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

बाळ बरं आहे हे वाचेपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

आमचा माणूस येऊन रक्षक पट्टीतली नोंद घेऊन गेला, ती माझ्यासमोर आहे. त्यात सोमवारी दुपारी काटा बासष्ट व्होल्टवर गेलेला दिसतो. या डब्यांची मर्यादा अठ्ठावन्नची आहे, त्यामुळे पट्टीने बरोबरच तोडलं. प्रश्न हा की बासष्ट आले कुठून? चार्जरचं बटण कोणी फिरवलं असेल तर, किंवा पट्टीनेच खोटा आकडा वाचला असेल तर. दुसरं असेल तर पट्टी सदोष आहे आणि सगळा माल थांबवावा लागेल.

आत्या, बटणाला कोणी हात लावला होता का? मला पुढच्या आठवड्यात कंपनीला लेखी कळवायचं आहे. तू सांगशील तेच मी लिहीन.

भिंगरी

१३ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

त्या खोलीची चावी माझ्या कमरेला असते. बटणाला कोणाही परक्याचा हात लागलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून लिहिते.

थंडी वाढली आहे. सकाळी धुकं असतं. तू गळ्याशी काही गुंडाळत जा.

आत्या

२ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

थोडक्यात लिहिते. पट्टी सदोष ठरली. चाळीस दवाखान्यांचा माल थांबवला आहे. तुमच्याकडचे डबे ३१ जानेवारीला उचलून न्यायचे असं ठरलंय, समितीला तसं पत्र गेलंय. मला वाईट वाटतं, पण सदोष वस्तू बाळांच्या खोलीजवळ ठेवणं मलाही पटणार नाही.

माझं टेबल बदललं. आता खिडकीजवळ बसते, उजेड चांगला येतो. काळजी करू नकोस.

भिंगरी

८ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

खिडकीजवळचं टेबल मिळालं हे वाचून बरं वाटलं. कचेरीत खिडकी मोठ्या माणसांनाच देतात. म्हणजे इतकं होऊनही तुझी किंमत त्यांना कळली. आता पाठीला उशी घे आणि मधूनमधून बाहेर बघ.

इथे जनरेटरला तेलपाणी झालं. काल तो पाच मिनिटं चालवून पाहिला. खोलीतली एक बाळंतीण खोकत बाहेर आली आणि मला म्हणाली, "बॅटरीबाई, तुमचं ते मुकं यंत्र बरं होतं हो." घरी आले, जेवण गेलं नाही.

आत्या

१४ जानेवारी

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मला पत्रं लिहायचा कंटाळा आहे हे तू जाणतेस, तरी लिहितोय. भिंगरीला सांगू नकोस.

तिने मोठी जागा मिळाल्यासारखं तुला लिहिलं असेल. तसं काही नाही. ती खिडकी जुन्या कागदांच्या खोलीला आहे. तिच्याकडचं बॅटरीचं काम काढून घेतलं आणि तिला जुनी कागदपत्रं लावायला बसवलं. सदोष माल निवडला म्हणून. ती घरी येते, जेवते, तुझ्या पत्रांची घडी उघडून वाचत बसते. म्हणते, "आत्या म्हणाली बटणाला हात लागला नाही, म्हणजे नाहीच लागला. मग चूक माझीच."

ताई, लहानपणी मी काच फोडली की तू माझ्या आधी मार खायला उभी राहायचीस. आज तुला काही विचारत नाही. फक्त कळवतोय.

तुझा धाकटा

१६ जानेवारी

चि. भिंगरीस.

आज कोणाचीही तब्येत विचारत नाही. विचारायचं तोंड नाही.

बटण मी फिरवलं. परक्याचा हात लागला नाही असं लिहिलं, ते खरं होतं आणि ते तसं खरं असावं म्हणून मी अर्धा तास शब्द शोधत बसले होते.

काय झालं ते नीट सांगते. तुझ्या कागदात सातवी ओळ आहे: "महिन्यातून एकदा पेशींचा समतोल होऊ द्यावा." पेशी म्हणजे सेल. शिशाच्या बॅटरीच्या पुस्तकांतही "समतोल भरणी" असतेच. माझ्या बॅटरीच्या दुकानात आम्ही तिला उकळी म्हणतो. महिन्यातून एकदा काटा मुद्दाम वर न्यायचा, दोन तास पाण्याला बुडबुडे येऊ द्यायचे. मागे पडलेले सेल त्यात पुढच्यांना गाठतात. एक्केचाळीस वर्षं दर पहिल्या सोमवारी मी उकळी दिली. कागदात समतोल दिसला आणि मला हायसं वाटलं, म्हटलं चला, यांना एक तरी काम माझं लागतं. काटा बासष्टवर नेला. बुडबुड्यांचा आवाज येतो का म्हणून उजवा कान डब्याला लावला. आवाज आला नाही. खटका आला.

त्याच मिनिटाला कळलं की मी काय केलं. बाळाला छातीशी धरलेलं बघितलं आणि तशीच मुख्य खटक्याकडे गेले. म्हटलं, बाळ वाचलंय, डबे पुन्हा चालू झालेत, कोणाचं काय अडतंय. अडलं ते तुझं, आणि चाळीस दवाखान्यांचं. हे मला आज समजलं. कसं समजलं ते विचारू नकोस.

पट्टी सदोष नाही. तिने तेवढ्यात तोडलं म्हणून डबे वाचले. हे पत्र तुझ्या कंपनीला दाखव. २७ तारखेला समितीची बैठक आहे, तिथे मी स्वतः सांगणार आहे. डबे इथून हलू देणार नाही. माझी लाज गेली तर जाऊ दे, ती माझीच आहे.

आत्या

२१ जानेवारी

आत्या,

दोन दिवस मी रागावले होते. पहिल्या दिवशी तुला चार पानं लिहिली आणि फाडली. तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी हसून, ओरडून, दोन फोन करून मिटवलं असतं. तू डब्यांना कितीही नावं ठेवली असतीस तरी चाललं असतं. पण मी तुझ्या शब्दावर सही केली.

तिसऱ्या दिवशी कागदाची प्रत काढली. सातवी ओळ माझी आहे. लिथियममध्ये समतोल पट्टी आपला आपण करते, माणसाने काही करायचं नसतं. मला लिहायचं होतं "समतोल आपोआप होतो." मी लिहिलं "होऊ द्यावा." ज्या बाईच्या दुकानात मी लहानपणी त्या बुडबुड्यांच्या वासात खेळले, तिला मी हा शब्द असा पाठवला. तुझ्या उकळीचं पुस्तकी नाव समतोल भरणी आहे, हे मला माहीत होतं. आठवलं नाही. तेव्हा लाज सगळी एकटी घेऊन जाऊ नकोस.

पत्र कंपनीला दिलं. माल पुन्हा तपासणार आहेत. पण ते म्हणतात, समितीने लेखी मागितलं तरच डबे तिथे राहतील. ते तुझ्या हातात आहे. आणि बाबाने तुला लिहिलं हे मला कळलंय. त्याला टपालतिकीट कुठे मिळतं हे मलाच विचारलं होतं त्याने.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आत्याचे आशीर्वाद, पोटातून.

बैठकीचं सांगते. अध्यक्ष, डॉक्टरीणबाई, आणखी चौघं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "काटा मी नेला."

अध्यक्ष म्हणाले, "बसा, बॅटरीबाई. भाचीला वाचवायला आलात हे दिसतंय."

"भाचीला वाचवायचं असतं तर दीड महिना गप्प बसले नसते. तिला बुडवून आलेय."

मग बॅटऱ्यांच्या नोंदींची वही काढली. १ डिसेंबरचं पान मी तेव्हा पुढच्या पानाला चिकटवून टाकलं होतं. सकाळी किटलीच्या वाफेवर धरून सोडवलं. शाई पसरली आहे पण वाचता येतं, माझ्याच अक्षरात: समतोल, बासष्ट, वेळ दुपारी दोन. वही हातोहात फिरली.

डॉक्टरीणबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "त्या अकरा मिनिटांत बाळ माझ्या हातात होतं. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. मला तेव्हाच सांगायचं होतं."

मी म्हटलं, "हो."

अध्यक्षांनी विचारलं, "मग आता आम्ही काय करायचं?"

"शिक्षा मला द्या, डब्यांना नको. त्या खोलीची चावी घ्या. बटणाला कुलूप लावा. आणि १० फेब्रुवारीपर्यंत मुदत वाढवा. आता धुक्याचे दिवस आहेत, सूर्य नावाला दिसतो. याहून कठीण परीक्षा वर्षात मिळायची नाही. त्यात दिवा विझला, तर जनरेटर चालू करायला मी स्वतः येईन."

चावी मी कमरेची सोडून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती उचलली. मुदत मिळाली आणि कंपनीला लेखी पत्रही गेलं.

मग धुकं आलं, अन् मुक्कामालाच आलं. नऊ दिवस, आणि बाहेरची वीजही फिरकली नाही. मी रोज सकाळी बाहेरच्या बाकावर बसायचे आणि दाराच्या काचेतून पडदा बघायचे. ऐंशी, बाहत्तर, पासष्ट. हात मांडीखाली दाबून बसायचे, अगं, कारण हात ऐकत नाहीत. पाचव्या दिवशी अडतीस टक्के उरले आणि काटा बघ, बावन्नवर ठाम. माझे जुने डोळे म्हणत होते, पोट भरलंय, निवांत रहा. तू लिहिलं नसतंस तर मी त्या काट्यावर विसंबून सगळ्यांना अंधारात घातलं असतं.

डब्यांना हात लावायचा नव्हता, पण बाकी इमारतीला लावायला कोणी मनाई केली नव्हती. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "भरणी वाढवता येत नाही, पण खर्च तर दुपारवर ढकलता येईल." दुपारी दोन तास धुकं पातळ व्हायचं, पॅनलांतून थोडी धार यायची. त्या दोन तासांत पंप लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे पंप पुन्हा लावायलाच नको. पाणी तेव्हाच उकळून जाड थर्मासांत भरायचं. लसींच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, मग तो बराच वेळ न चालताही गार राहतो. कपडे धुणं तेव्हाच. काचेची पेटी आणि प्रसूतीचा दिवा सोडून बाकी काहीही इतर वेळी लावायचं नाही. डॉक्टरीणबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे वीज गच्चीवर आणि थर्मासात ठेवायची." म्हटलं, "ठेवायला जागा बघायची, एवढंच. सगळं त्या सोळा जणांच्याच डोक्यावर कशाला?"

त्या चार दिवसांत काचेच्या पेटीत जुळी होती.

नवव्या दिवशी सकाळी अकरा टक्के. अध्यक्ष येऊन बाकावर माझ्या शेजारी बसले. जनरेटरची किल्ली त्यांच्या खिशात होती, मी पाहिली. म्हणाले, "दहावर आलं तर मी वाट बघणार नाही, बाई." मी म्हटलं, "बघू नका. मीही बघू देणार नाही." दोघं तसेच बसून राहिलो. अकराचे अकराच. साडेअकराला पडद्यावर बाराचा आकडा आला. मी बाहेर बघितलं तर समोरच्या भिंतीवर सावली पडली होती. सावली बघून कोणी रडतं का, पण मला आवरेना. अध्यक्षांनी रुमाल दिला. मळका होता, पण दिला.

डबे राहिले. समितीने लिहून दिलं आहे, प्रत सोबत जोडते, ती तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेव. चावी मात्र डॉक्टरीणबाईंकडेच आहे, आणि ते बरोबरच आहे. माझ्याशी त्या अजून कामापुरतंच बोलतात. काल कामाचं बोलून झालं आणि एक कप चहा माझ्यापुढे सरकवला. मी प्यायले. एवढ्यावर मी काही दिवस काढीन.

आता पुढचं. नदीपलीकडच्या दवाखान्यात तुमचा संच जाणार असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिथल्या बॅटऱ्या जो माणूस बघतो, तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि चौपट हट्टी. त्याला निरोप पाठवला तर उलट निरोप आला, "मला या वयात बाईने शिकवायची गरज नाही." त्याचा हात कोणत्या सोमवारी कोणत्या बटणावर जाणार हे मला आत्ता सांगता येतं. म्हणून गुरुवारी मी स्वतः जाते आहे. शिकवायला नाही. माझी वही दाखवायला, ते शाई पसरलेलं पान.

पण हातात नवा कागद हवा. सातवी ओळ तू पुन्हा लिही, आणि यावेळी मला आधी वाचून दाखवल्याशिवाय कंपनीला देऊ नकोस. मी ती ॲसिडने हात भाजलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचीन. बुधवारच्या आत मिळेल असं बघ, टपालाला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे हे वाचताच उत्तर लिहायला बसलीस तरच.

तुझी आत्या